उगवतीला चिकोडी

बेळगावजवळच्या पिरनवाडीच्या मराठी शाळेत नवा पडदा आला, तेव्हा विनोदिनी टीचरांच्या निवृत्तीला जेमतेम एक वर्ष उरलं होतं. पडदा म्हणजे भिंतीएवढा मोठा, बोटानं चालणारा. उद्यमबागेतल्या एका कारखानदारानं शाळेला तो भेट दिला, सोबत मुलांसाठी चार-पाच टॅबही दिले. मुख्याध्यापकांनी हार घालून त्याची पूजा केली आणि किल्ली अदितीकडं सोपवली. अदिती शाळेतली सगळ्यात तरुण शिक्षिका. तिला हे सगळं येत होतं.

विनोदिनी टीचर काही पडद्याला घाबरल्या नाहीत. त्या बेळगावच्या शहापुरातल्या जुन्या घरातल्या, बाप वकील, वाचायची-शिकायची सवय घरातच. अदितीच्या शेजारी खुर्ची ओढून त्या आठवड्याभरात नकाशा उघडायला, चित्रं सरकवायला, मुलांना प्रश्न घालायला शिकल्या. फक्त त्यांना एक खंत होती, ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. पडदा बसवायला जुना फळा काढावा लागला होता. त्या फळ्याच्या कोपऱ्यात त्या रोज तारीख घालत. आता तारीख पडद्यावर आपोआप यायची.

तिसरीच्या वर्गाला त्या दिशा शिकवत होत्या. पडद्यावर बेळगावचा नकाशा उघडला, ओमकारला पुढं बोलावलं आणि उत्तर दिशा दाखव म्हणाल्या. ओमकारनं नकाशाच्या वरच्या कडेवर बोट ठेवलं. शाबासकी मिळाली. मग त्यांनी विचारलं, आता खरी उत्तर कुठं आहे, वर्गाबाहेरची? ओमकारनं क्षणभर विचार केला आणि बोट छताकडं केलं. मागच्या बाकावरच्या दोघांनीही माना डोलवल्या. नकाशात वर म्हणजे उत्तर, तर मग खरी उत्तरही वरच असणार.

विनोदिनी टीचर हसल्या, आणि हसता हसता त्या बोटाकडं बघत राहिल्या. हेच बोट, असंच छताकडं गेलेलं, त्यांनी फार वर्षांपूर्वी एकदा पाहिलं होतं.

तेव्हा त्या टीचर नव्हत्या, बाई होत्या. नुकती नोकरी लागलेली, पहिलीच नेमणूक निपाणीजवळच्या माळवाडीत. दोन खोल्यांची कौलारू शाळा, समोर पटांगण, पलीकडं तंबाखूचं शेत. तंबाखू वाळत घातला की वाऱ्याबरोबर त्याचा वास वर्गात शिरायचा आणि या शहापुरातल्या पोरीला शिंकांवर शिंका यायच्या. मुलं पहिल्यांदा हसली, मग आपण होऊन खिडकी लावून घ्यायला लागली. त्यांना मुलांची भाषा कळायची नाही, मुलांना त्यांची. ‘पूर्व दिशा कोणती?’ असं विचारलं की सगळा वर्ग शांत. ‘उगवत कुठं रं?’ असं शेजारच्या गुणाबाईनं दारातून विचारलं की सगळे हात एका बाजूला.

गुणाबाईचं घर शाळेला लागूनच होतं. तिच्याच पुढच्या खोलीत बाई भाड्यानं राहत. वयानं ती बाईंपेक्षा थोडीच मोठी, पण पदरात मुलं असल्यानं पोक्त दिसायची. दिवसभर मांडीवर सूप घेऊन ती अंगणात विड्या वळत बसे. पान, तंबाखू, दोरा, पुन्हा पान. हात चालू आणि कान शाळेत. ती कधी शाळेत गेली नव्हती, त्यामुळं शाळेत काय चालतं याचं तिला भारी अप्रूप. एखाद्या पोराचा पाढा चुकला तर अंगणातूनच ओरडायची. सकाळी बाईंच्या पुढ्यात गरम भाकरी आणि खर्डा ठेवायची आणि खाऊन होईपर्यंत समोरून हलायची नाही. बाई खर्डा खाऊन डोळे पुसायच्या. तिला वाटायचं, घरची आठवण आली.

तर त्या माळवाडीच्या वर्गात एका पोरीनं उत्तर दिशा दाखवायला छताकडं बोट केलं होतं. ती गुणाबाईचीच थोरली, जया. त्या दिवशी बाईंनी भिंतीवरचा नकाशा काढला, सगळ्या पोरांना पटांगणात नेलं, नकाशा मातीवर पसरला, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि फिरवून फिरवून खऱ्या दिशांशी जुळवला. पोरं भोवती उकिडवी बसली. कुठल्या बाजूला काय आहे ते त्यांना ठाऊकच होतं, कारण कुणाची आत्या चिकोडीला, कुणाचा मामा कागलला. तिथंच, उन्हात बसून, पोरांचे शब्द घेऊन बाईंनी एक गाणं जुळवलं. मुलं विसरू नयेत एवढाच हेतू. पुढं रोज शाळा सुटताना ते म्हटलं जायचं.

दिवाळीच्या सुट्टीला बाई बेळगावला आल्या. जाताना पिशवी दारात ठेवून त्यांनी पोरांना सांगितलं की सुट्टी संपली की येते. सुट्टीतच बदलीचा हुकूम आला, कानडीत टाइप केलेला, एका ओळीचा. सामान त्यांच्या भावानं जाऊन आणलं, कुणाला काही न सांगता. त्यानंतर लग्न, संसार, दुसरी शाळा, तिसरी शाळा. माळवाडी मागं राहिली ती राहिलीच.

हे सगळं त्या दिवशी ओमकारच्या बोटानं वर काढलं. टीचरांनी मुलांना बाहेर नेलं, सूर्य दाखवला, दिशा दाखवल्या आणि विषय संपला असं त्यांना वाटलं.

पण त्याच सुमारास अदितीनं एक नवीन गोष्ट सुरू केली. जिल्ह्यातल्या शाळांनी जोडीनं शिकायचं. एका शाळेचा वर्ग दुसऱ्या शाळेच्या वर्गाशी पडद्यावरून जोडायचा. दोघांची मिळून एक ऑनलाइन भिंत असायची, तिच्यावर मुलांनी चित्रं, शब्द, आवाज लावायचे, आणि शेवटी एकमेकांना प्रश्न घालून खेळ खेळायचा. अदितीनं यादीतून जोडीची शाळा निवडली ती निपाणी भागातली. नाव वाचून विनोदिनी टीचरांनी चष्मा पुसला. माळवाडी. त्या अदितीला म्हणाल्या, की मी तिथं होते काही महिने. अदितीनं हो का म्हटलं आणि पासवर्ड टाकला.

तिकडचे शिक्षक रविराज सर. चिकोडीकडचे, उमदे, माळवाडीत नवीनच आलेले. त्यांच्या मागं पडद्यात जो वर्ग दिसत होता तो सिमेंटचा, रंगवलेला होता. टीचर त्या चौकटीत ओळखीचं काही सापडतं का बघत राहिल्या. खिडकीबाहेर पत्र्याची शेड दिसली. शेत दिसलं नाही.

मुलांची मात्र गट्टी जमली. ‘घरात ऐकलेलं’ असा विषय ठरला होता. भिंत भराभर भरली. पिरनवाडीच्या पोरांनी आज्यांच्या ओव्या, कानडी मिसळलेली कोडी, सणाला म्हणायची गाणी लावली. माळवाडीच्या पोरांनीही तसंच काय काय लावलं. आरोहीच्या आजोबांनी म्हटलेलं एक कोडं माळवाडीच्या एकाही पोराला सुटलं नाही, त्याचा पिरनवाडीला आठवडाभर अभिमान होता.

मग खेळाचा दिवस आला. पाच-पाच मुलांचा एक गट आणि गटाला एक टॅब. पडद्यावर प्रश्न यायचा, चार रंगांत चार उत्तरं, आपल्या रंगावर बोट मारायचं. एक टॅब उरला होता. अदितीनं तो विनोदिनी टीचरांच्या हातात दिला आणि त्यांचंही नाव खेळात घातलं. दोन्हीकडच्या पडद्यावर, गटांच्या नावांखाली, ‘विनोदिनी टीचर’ अशी अक्षरं उमटली. मुलांना फार मजा वाटली.

पहिले काही प्रश्न टीचरांनी बरोबर सोडवले. त्या दुसऱ्या नंबरावर होत्या. मग रविराज सर म्हणाले, आता आमच्या गावाचं एक जुनं गाणं ऐका, प्रश्न त्यानंतर येईल.

स्पीकर खरखरला. एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, थोडा फाटलेला, पण ठेक्यात पक्का.

उगवतीला चिकोडी, सूर्य घालतो तिकडनं उडी
मावळतीला गारगोटी, डोंगराच्या वटीत ढगांची दाटी
उत्तरेला कागल गाव, यष्टीमागं पोरांची धाव
दक्षिणेला संकेश्वर, नदीच्या काठाला देवाचं घर

विनोदिनी टीचरांच्या हातातला टॅब मांडीवर आला. ‘ओटीत’चं ‘वटीत’ झालं होतं, बाकी शब्द तेच. ‘दाटी’ हा शब्द जुळायला किती वेळ लागला होता ते त्यांना आठवलं. पोरांनी ‘पाटी’ सुचवलं होतं, कुणी ‘काठी’.

पडद्यावर प्रश्न आला. हे गाणं किती जुनं असेल? लाल, दहा वर्षं. निळा, पस्तीस वर्षं. हिरवा, शंभर वर्षं. पिवळा, शिवाजी महाराजांच्या काळापासूनचं. घड्याळ उलटं धावायला लागलं. पोरं एकमेकांच्या कानाला लागली. टीचरांनी निळ्यावर बोट ठेवलं.

वेळ संपली. हिरव्या रंगावर बरोबरची खूण आली. टीचरांच्या नावापुढं लाल फुली पडली आणि नाव घसरत घसरत पार तळाशी गेलं. वर्गात एकच हशा उठला. ओमकार लगेच वळून त्यांची समजूत घालायला लागला.

“टीचर, तुमचं चुकलं की वो. असू दे, पुढच्याला येईल.”

टीचरही हसल्या. आपल्याच गाण्याचं वय सांगताना आपण नापास झालो, याचं त्यांना हसूच येत होतं. पण शिकवायची सवय जात नाही. त्यांनी रविराज सरांना गाणं पुन्हा वाजवायला सांगितलं आणि मुलांना म्हणाल्या, की गाण्याचं वय गाण्यातच कुठंतरी लपलेलं असतं, कान देऊन ऐका.

दुसऱ्यांदा गाणं वाजलं. आरोहीचा हात वर गेला. तिचं म्हणणं असं की गाण्यात यष्टी आहे. शंभर वर्षांपूर्वी यष्टी कुठली असणार? तिच्या आजोबांनीच सांगितलंय की त्यांच्या लहानपणी ते बैलगाडीनं बाजाराला जायचे.

रविराज सरांनी कपाळाला हात लावला आणि मोकळेपणानं कबूल केलं, की गल्लीतल्या सगळ्या बायका विड्या वळताना हेच म्हणतात, विचारलं तर पहिल्यापासूनचं आहे म्हणतात, म्हणून मी शंभर घातलं. मग ते म्हणाले, या गाण्याला शेपूट पण आहे. दिशांशी त्याचा संबंध नाही म्हणून कापलं होतं. थांबा, ते पण ऐकवतो, त्यातून काही कळतंय का बघा.

शेपूट विनोदिनी टीचरांना ठाऊक नव्हतं. त्यांनी चारच दिशा बांधल्या होत्या. त्या पुढं झुकल्या.

त्याच्याबी खाली बेळगाव, बाईंनी तिथं केला ठाव
यष्टी येती, यष्टी जाती, बाई काई उतरत न्हाईती

आवाज थांबला. मुलं विचार करत होती, की यातून वय कसं काढायचं. कुणीतरी म्हणालं, बाई म्हणजे देवी असेल. माळवाडीची एक मुलगी म्हणाली, न्हाय, बाई म्हंजे कुणाची तरी आई असणार, ती रुसून माहेरी गेली असणार.

विनोदिनी टीचर उठल्या. पडद्यापर्यंत चालत गेल्या, जणू तिथून माळवाडी जवळ पडणार होती. पस्तीस वर्षांत त्यांना कधी वाटलं नव्हतं, की आपण गेल्यावर तिथं कुणी थांबून राहिलं असेल. मुलं असतात, दुसरी बाई येते, मुलं तिची होतात. शाळेत असंच चालतं असं त्या समजून होत्या.

“सर,” त्या म्हणाल्या, “ती बाई मी.”

रविराज सरांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते उभे राहिले. गाणं कुणी म्हटलंय असं टीचरांनी विचारलं, तेव्हा त्यांनी पहिल्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या पोरीकडं बोट केलं. ही तेजस्वी, हिच्या आजीनं म्हटलंय. आजीचं नाव गुणाबाई. घर इथंच, शाळेला लागून.

तेजस्वी पळत गेली. तेवढ्या वेळात पिरनवाडीचा वर्ग आपल्या टीचरांकडं असा बघत होता, की जणू त्या पुस्तकातून बाहेर आल्या आहेत. गाणं माणूस करतं, आणि ते माणूस आपली रोज हजेरी घेतं, हे ओमकारला पटायला वेळ लागत होता. तो हळूच आरोहीला विचारत होता, की खरंच टीचरनीच केलं का?

पडद्याच्या चौकटीत एक म्हातारी आली. पदर सावरत, नात हाताला धरून. कुठं बघायचं ते तिला कळेना. ती आधी रविराज सरांकडं बघून बोलायला लागली, मग नातीनं तिची हनुवटी धरून कॅमेऱ्याकडं वळवली. ती डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिली.

“केस पिकलं की वो बाई तुमचं.”

“तुमचे नाही पिकले?”

“माझं तर पार गेलं.” ती हसली. तोंडात दात थोडेच उरले होते. “शिंका येत्यात का अजून?”

टीचरांनी मान हलवली. वर्गात सगळी मुलं आहेत, अदिती आहे, हे त्या विसरल्या होत्या. मग गुणाबाईच सांगत राहिली. घाई नाही, संकोच नाही, जणू अंगणात सूप घेऊन बसली आहे. दिवाळी सरली, शाळा भरली आणि बाई आल्या नाहीत. पोरं दुपारची फाट्यावर जाऊन बसायला लागली. यष्टी आली की उठायची, माणसं उतरताना बघायची, पुन्हा बसायची. बसून करणार काय, गाणं म्हणायची. त्यातच जयानं हे शेवटचं जोडलं. नवीन मास्तर आले, त्यांनी रागवून पोरांना फाट्यावरून आणलं. पण जोडलेलं गाणं काही त्यांना काढता आलं नाही. पोरांच्या तोंडून ते बायकांच्या तोंडी आलं. विड्या वळायला ठेका बरा पडतो त्याचा.

टीचरांनी जया कुठं आहे असं विचारलं. जया इचलकरंजीला दिली, गुणाबाई म्हणाली, दोन पोरी हायत, दोघींची लग्नं झाली.

“पोरींनाबी तिनं हेच शिकवलंय. तिकडं कागल मावळतीला हाय म्हणं. तरी ती उत्तरेलाच म्हणती. मी म्हटलं, अगं, फिरवून घे की दिशा. म्हणती, न्हाय, बाईंनी घातलीया तशीच ऱ्हाऊ दे.”

विनोदिनी टीचर यावर मोठ्यानं हसल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आपण आयुष्यभर दिशा बरोबर शिकवल्या असा त्यांचा समज होता. जया आणि तिच्या दोन्ही पोरी त्यांच्यामुळं पिढ्यान्‌पिढ्या चुकीच्या दिशेला कागल दाखवणार होत्या.

सुट्टीची घंटा दोन्ही शाळांत जवळजवळ एकाच वेळी झाली. गुणाबाईनं जाता जाता एवढंच विचारलं, की तुमी आमच्यावर काय रागवून गेला नव्हतासा न्हवं? आमाला तसंच वाटायचं. टीचरांनी हुकुमाची गोष्ट सांगितली, पण ती अर्धीच झाली, कारण माळवाडीची चौकट हलली आणि विझली. अदितीनं जोडणी परत करून बघितली. मग उद्या करूया म्हणाली, आणि टीचरांसाठी पाण्याचा ग्लास घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी वर्गात शिरल्या शिरल्या मुलांनी टीचरांना घेरलं. त्यांना पिरनवाडीचं गाणं हवं होतं. माळवाडीला आहे, मग आम्हाला का नाही? टीचरांनी अट घातली, की गाणं तुम्हीच करायचं, मी फक्त ऐकणार. अदितीनं पडद्यावर नकाशा उघडला. ओमकारनं दोन बोटांनी तो असा काही गरगर फिरवला की उत्तर कुठल्या कुठं गेली. शेवटी सगळे बाहेर आले, पटांगणात उन्हात उभे राहिले आणि भांडायला लागले.

ओमकारचे वडील उद्यमबागेत फौंड्रीत कामाला. उद्यमबाग उगवतीलाच, असं त्याचं ठाम म्हणणं. कारण काय, तर सकाळी पप्पा मोटरसायकलवरून जाताना डोळ्यांवर ऊन येतं म्हणून टोपी पुढं ओढतात. नकाशाप्रमाणं ती जागा थोडी उत्तरेकडं कलते, हे टीचरांना दिसत होतं. त्या काही बोलल्या नाहीत.

‘उगवतीला उद्यमबाग’ इथपर्यंत गाडी आली आणि अडली. बाग, आग, राग, वाघ. वाघावरून बराच वेळ गेला. मग आरोही म्हणाली, “भोंग्याआधी पप्पांना जाग.” मुलांनी ते चार वेळा म्हणून बघितलं. ओमकार लाजला, कारण ते पप्पा त्याचेच होते.

त्या संध्याकाळी टीचर घरी स्वयंपाक करत होत्या. फोन वाजला, नंबर अनोळखी. पलीकडं यंत्रमागांची खडखड. मग एका बाईनं सांगितलं की मी जया, आईनं सरांकडून नंबर घेऊन दिला. नऊ वर्षांच्या पोरीशी काय बोलायचं ते त्यांना आलं असतं. ही पंचेचाळिशीची बाई होती, सासू झालेली, आणि तिच्याशी सुरुवात कुठून करावी ते त्यांना सुचत नव्हतं. तिलाही सुचत नसावं.

“बाई,” शेवटी जया म्हणाली, “जेवलासा?”

अजून नाही, वांग्याची भाजी टाकलीय, असं टीचर म्हणाल्या. जयानं विचारलं, शेंगदाण्याचं कूट घालता का तीळ? टीचरांनी गॅस बारीक केला, स्टुलावर बसल्या आणि सांगायला लागल्या.